घणाचे काम नव्हे!

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक गोड गैरसमज असतो. विचार करणे हे आमचे क्षेत्र. हात काळे होतात ती कामे दुसऱ्या कोणाची तरी, असे आम्ही धरून चालतो. माझाही हाच समज होता. गेल्या दिवाळीच्या सुटीत एका जुन्या मोटारीच्या ब्रेक-ड्रमने तो घालविला.

मोटार आजोबांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळ नमुना फियाटचा, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. एके काळी मध्यमवर्गीय घरांचे ते स्वप्न होते. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आजोबा गेल्यावर आमची गाडी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. सुटीत ढकलून पाहिली, तर मागची दोन्ही चाके जागची हलेनात. बाबांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने वजनावर भाव सांगितला. आजी काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवलीही नाही. मी म्हणालो, "चाके मी सोडवितो."

चाके उतरली, ड्रम मात्र निघेनात. मी घण उचलला आणि ड्रमच्या कडेवर घातला. तिसऱ्या घावाला कडेचा टवकाच उडाला! ड्रम बिडाचा असतो. बीड दाब सोसते, ठोका सोसत नाही. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मला एवढेही ठाऊक नव्हते.

शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी आधी टवका पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "दादा, गाडी उघडायची असते, फोडायची नसते."

मग सुरू झाला खरा तास. ड्रम का अडकतो, हे त्यांनी प्रथम सांगितले. एक तर तो मधल्या हबला गंजाने धरतो. दुसरे, ब्रेकचे लायनर ओलीने ड्रमला आतून चिकटतात. तिसरे, वर्षानुवर्षे झिजून ड्रमच्या आतल्या बाजूस, कडेजवळ, एक उंचवटा राहतो आणि बाहेर येताना तो ब्रेक-शूला अडतो. आजार तीन, तेव्हा उपायही निरनिराळे. नुसत्या जॅकवर न विसंबता त्यांनी गाडी भक्कम घोड्यांवर टेकविली आणि पुढच्या चाकांना दगड लावले. मागच्या पत्र्यावरील ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घेतले. हबच्या भोवती आणि स्टडच्या मुळाशी गंज सोडविणारे पातळ तेल सोडले आणि चक्क घरी निघून गेले! "आता उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साधी हातोडी घेतली. कडेला हात न लावता ड्रमच्या तोंडावर, हबभोवती गोल गोल, हलके ठोके दिले. गंजाची पकड सैल झाली. मग ड्रमच्या दोन आटेदार भोकांत बोल्ट घालून ते आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा पिळले. 'टक्' असा आवाज झाला आणि ड्रम हातात आला. दुसऱ्या बाजूचाही तसाच.

आतली धूळ मी फुंकणार, तोच त्यांनी मला मागे ओढले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ श्वासातून गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ती ओल्या फडक्याने टिपावी, तोंडाला मास्क बांधावा. "पूर्वी आम्ही सगळे फुंकतच होतो," ते शांतपणे म्हणाले. त्या एका वाक्याने मी अस्वस्थ झालो. आमच्या मोटारी चालाव्यात म्हणून कोणाच्या छातीत काय गेले, याचा हिशेब कोणी ठेवला?

कोणी म्हणेल, डिस्क ब्रेकच्या काळात हे ड्रमपुराण कशाला? पण आजही अनेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना ड्रमच असतात. आणि माझा मुद्दा ड्रमपुरता नाही. अडले की ठोकायचे, ही सवय आपल्याला सगळीकडेच आहे. घरात, सभेत, परीक्षेच्या अभ्यासातही. कशामुळे अडले आहे, हे आधी पाहावे. मोकळे करायला अवधी द्यावा. आणि जोर लावायचाच तर दोन्हीकडून सारखा लावावा. ही शिस्त मला ग्रंथालयात नव्हे, शेडमध्ये मिळाली. ज्याने ती दिली, त्याला आपण 'अशिक्षित' म्हणतो. हा शब्द आपण जपून वापरावा, एवढेच माझे म्हणणे.

असो. फुटलेल्या ड्रमच्या जागी दुसरा आणला, त्याचे पैसे माझ्या खाऊच्या पैशांतून गेले. लायनर आणि व्हील सिलिंडर नवे घातले, ब्रेकमधली हवा काढली. कागदपत्रे बाकी असल्याने गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. पण भाऊबीजेला ती अंगणात चार हात पुढे सरकली, तेव्हा आजी मागच्या सीटवर बसली होती. त्या रात्री ती दोन घास जास्तच जेवली.