कावळ्याच्या बाजूने

परवा रात्री नातीने झोपताना फर्माईश केली, "आजी, चिऊकाऊची गोष्ट सांग." नात पाच वर्षांची. ही गोष्ट म्हणजे मला डोळे मिटूनसुद्धा सांगता येणारी. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो भिजत चिमणीच्या दाराशी आला. मी अर्ध्यावर पोचले होते, तेवढ्यात बाईसाहेबांनी विचारलं, "आणि उन्हाळ्यात काय झालं?"

"उन्हाळ्यात कशाला काय होईल?"

"मेण वितळतं ना! माझ्या केकवरची मेणबत्ती वितळली होती."

मी गप्पच झाले. पन्नासएक वर्षं ही गोष्ट सांगते आहे. आधी वर्गात, मग स्वतःच्या मुलांना, आता नातवंडांना. पण वैशाखात चिमणीच्या घराचं काय होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कारण गोष्ट नेहमी पावसाळ्यातच संपते. चिमणी शहाणी ठरते आणि आपण दिवा मालवतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक जुनी गोष्ट आठवत राहिली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कृष्णाकाठच्या एका गावात तिसरीला शिकवत होते. पावसाळी दिवस, वर्गात निम्मीच मुलं. मी हीच गोष्ट सांगितली आणि शेवटी मास्तरकीच्या सवयीने तात्पर्य विचारलं. अपेक्षित उत्तर आलंच, "घर पक्कं बांधावं, आळस करू नये." तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमचं घर बी शेणाचंच हाय. पर ते वाहून न्हाई जात. आई दर साली लिंपती."

वर्ग हसला. तिच्या घराच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी काय केलं? "अगं, ही नुसती गोष्ट आहे, बस खाली," म्हटलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. ती बसली. पुढचे काही दिवस मुलं तिला 'कावळी' म्हणत होती, हे मला नंतर कळलं. मी ती गोष्ट मजेसाठी सांगितली होती हे खरं, पण त्या वर्गात एक मूल कावळ्याच्या बाजूला बसलं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

हल्ली जुन्या गोष्टी 'दुसऱ्या बाजूने' सांगायची टूम आहे, असं काहीजण नाक मुरडून म्हणतात. मूळ गोष्ट बदलू नये, असा त्यांचा आग्रह. पण मूळ कोणती? लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली ती छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो आणि आजी नि नात दोघी सुखरूप बाहेर येतात. मुलांना आपण सांगतो ती बहुधा ही दुसरी. म्हणजे गोष्टी पूर्वीपासून बदलत आल्या आहेत. चिऊकाऊचंही तेच. माझ्या आजीच्या गोष्टीत कावळ्याला चुलीपाशी बसवून चटका देत. आईने तो चटका गाळला. मी दार उघडून त्याला आत घेऊ लागले, पण बऱ्याच उशिराने.

माझ्या भाचीने एकदा परदेशातून एक पुस्तक आणलं होतं. जॉन शेस्का नावाच्या अमेरिकन लेखकाचं, १९८९ सालचं. तीन डुकरांची गोष्ट, पण सांगणारा लांडगा. तो म्हणतो, मी आजीच्या केकसाठी वाटीभर साखर मागायला गेलो होतो, मला सर्दी झाली होती, शिंक आली आणि घर पडलं, त्यात माझा काय दोष? नातू खो खो हसला. मग एकदम थांबून म्हणाला, "आजी, हा खरं बोलतोय का?"

मला वाटतं, त्या पुस्तकाची खरी किंमत या प्रश्नात आहे. लांडगा चांगला होता, हे मुलांना पटवून द्यायचं नसतंच. गोष्टीला कोणीतरी सांगणारा असतो आणि तो कुठल्यातरी एका बाजूला उभा असतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं तरी पुष्कळ. नुसती उलटापालट केली, काल कावळा आळशी होता आणि आज चिमणी दुष्ट, तर आपण तात्पर्याची पाटी फक्त फिरवून टांगली. मागच्या रांगेत बसणारं मूल तेवढं बदलेल.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. कळलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. चांगलं दगडी जोत्याचं, स्लॅबचं. २००५ च्या पुरात पाणी पायरीशी येऊन थांबलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दोघं म्हातारी माणसं होडीतून बाहेर आलो, अंगावरच्या कपड्यांनिशी. विश्रामबागेच्या पुढे नातेवाईक राहतात, तिकडे चालत निघालो. पाऊस थांबेना आणि यांना धाप लागली. शेवटी दिसेल त्या घराचं दार वाजवलं.

आतून विचारणा झाली, "कोण?" काय सांगणार? मी म्हटलं, "पूरग्रस्त आहोत, थोडा वेळ बसू का?"

आधी खिडकी किलकिली झाली, मग दार उघडलं. एक तरुण मुलगी, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, हात साबणाने माखलेले. बाळाची अंघोळ अर्धवट टाकून ती आली होती! आम्ही त्या दोन खोल्यांच्या घरात तीन रात्री राहिलो. तिने आम्हाला आजी-आजोबा म्हटलं, आमची जात-गाव विचारलं नाही. पक्क्या घराचा आमचा तोरा मात्र पुराबरोबर गेला.

आता मी गोष्ट जरा वेगळी सांगते. कावळा काड्या, तारा गोळा करून घर बांधतो, त्याच्या घरात कोकिळा अंडी घालते आणि तो ती आपलीच समजून सांभाळतो, हे नातीला आधी सांगते. चिमणी तरी कुठे स्वतःच्या घरात राहते? वाशाच्या सांदीत, भिंतीवरच्या फोटोमागे, म्हणजे कोणीतरी राहू दिलेल्या जागेतच ना? पण चिमणीची बाजूही सोडत नाही. रात्रीची वेळ, घरात एकटी, पदराखाली पिल्लू आणि बाहेर कोणी दार ठोठावतंय. घाबरेल नाहीतर काय? दार न उघडणारी प्रत्येक चिमणी स्वार्थी नसते.

आणि दाराशी आल्यावर मी थांबते. नातीलाच विचारते, "काय करायचं गं? उघडायचं?"

परवा तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "आधी खिडकीतून बघायचं. कावळाच असला तर उघडायचं. आणि टॉवेल द्यायचा."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात चिमणी कावळ्याकडे जाईल. तोपर्यंत त्याने घर बांधलेलं असेल ना!"

मी तात्पर्य विचारलं नाही. दिवा मालवला.

ती तिसरीतली मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल, कदाचित तिलाही नातवंडं असतील. ती त्यांना ही गोष्ट कशी सांगत असेल, ते मला ऐकायचं आहे. मीच मागच्या रांगेत बसेन.