सदुसष्टाव्या दिवसापर्यंत निराधार

महाराष्ट्रात गरिबासाठी काहीच नाही, असं कुणी म्हणालं की मी भांडायला उठतो. सगळं आहे. नवरा गेलेल्या बाईला दरमहा अनुदान आहे, पासष्टी गाठलेल्या म्हाताऱ्याला आहे, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग झालेल्यालाही आहे. धर्मादाय इस्पितळांत गरिबांसाठी राखीव खाटा आहेत. बाईला कोर्टात फुकट वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. पोटचं पोर विचारत नसेल तर आईबापाला प्रांताकडे दाद मागता येते. एवढं सगळं असून ज्याला हवं त्याला ते सापडत नाही, आणि हे चुकून होतंय यावर माझा काडीचा विश्वास नाही. हक्काचा पत्ता सगळ्यांना कळला तर उपकार कुणावर करायचे? ज्यांचं दुकानच उपकारांवर चालतं, त्यांना तो पत्ता झाकलेला बरा असतो.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तालुक्याच्या गावात ज्याला फॉर्म भरता येतो आणि जो त्याचे पैसे मागत नाही, त्याच्या ओट्यावर लोक येतात. मध्यंतरी एक मावशी आल्या. दुसऱ्याच्या रानात भांगलायला जातात. हातात कापडदुकानाची कॅरीबॅग, आणि तिच्यात त्यांचा सगळा संसार कागदांच्या रूपात: विजेचं बिल, दोन रेशनकार्डं (एक सासऱ्याच्या नावाचं), थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला, गणपती मंडळाच्या वर्गणीची पावती, आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. तो तेवढा लॅमिनेट केलेला. खराब होऊ नये म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून करून घेतला होता. कचेरीतल्या खिडकीनं सांगितलं, लॅमिनेट केलेला चालत नाही, दुसरा आणा.

"भाऊ, तलाठ्याकडं जा म्हनले. तलाठी म्हनला सेतूत जा. सेतूत म्हनले सर्व्हर न्हाई, सोमवारी या. आता ह्यातलं कुटलं कागुद कुनाला दिऊ, त्येवडं सांगा."

हा प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूस सरकारी कचेरीत नसतो. नागरिकांची सनद नावाची एक पाटी असते. कुठलं काम किती दिवसांत, कुणाकडे, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे तिच्यापुढे लोखंडी कपाट उभं आहे, त्यामुळे फक्त उजवीकडचा रकाना दिसतो: १५ दिवस, ७ दिवस, २१ दिवस. कशाचे, ते कपाटाला ठाऊक. खरी माहिती मिळते फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. कोणता तलाठी कोणत्या वारी सापडतो, कुठल्या दाखल्याला कुठलं स्वयंघोषणापत्र जोडायचं, साहेब खरंच मीटिंगला गेलेत की नुसतेच गेलेत, सगळं त्याला तोंडपाठ. तालुक्याचं समाजकल्याण तोच चालवतो, फक्त दर लावून. मी त्याला शिव्या घालत नाही. जे काम करायला पगार घेणारे तयार नाहीत ते तो करतो, आणि पावती मात्र देत नाही, एवढाच काय तो दोष.

आता मावशींना जी योजना हवी होती तिच्याकडे या. संजय गांधी निराधार अनुदान योजना. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात, १९८० साली सुरू झाली. म्हणजे योजनेला चाळिशी उलटून गेली. अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजारावर गेलं. पण पात्रतेची अट? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. यादी २००२ च्या सर्वेक्षणातून आलेली. तेव्हा ज्यांचा नवरा धडधाकट होता, त्यांचं नाव तिच्यात कसं असणार? उरला २१ हजारांचा दाखला.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला आकडा दिसला की भागाकार करायची खोड आहे. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तेव्हाचा कायदा वर्षाला किमान १०० दिवस काम देण्याची हमी देत होता. एखाद्या विधवेनं त्या हमीवर विश्वास ठेवून कामाला जायचं ठरवलं, तर ६७ दिवसांत तिचे २०,९०४ रुपये होतात. तोवर ती निराधार. अडुसष्टाव्या दिवशी तिनं पाटी उचलली की २१,२१६, आणि सरकारच्या लेखी तिला आधार सापडला. म्हणजे सरकारनंच दिलेलं काम तिनं पुरतं केलं, तर सरकारचंच अनुदान तिला मिळणार नाही. ही अट ज्यांनी लिहिली त्यांना हिशेब येत नव्हता असं मला वाटत नाही. न पाळता येणारी अट घालण्याचा एक फायदा असतो, आणि तो पुढे दिसतो.

महाराष्ट्रात २१ हजारांच्या आत जगणारं कुटुंब शोधून दाखवा. दिवसाला ५७-५८ रुपये, आख्ख्या घराचे. तरीही दाखले निघतात, भरपूर निघतात, आणि त्यांवरचे आकडे एकाच साच्यातून पडल्यासारखे असतात: वीस हजार, साडेवीस, एकवीस. देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं, मंजूर करणाऱ्याला तर पक्कं ठाऊक असतं. सगळे मिळून खोटं लिहितात, कारण खरं लिहिलं तर एकही विधवा पात्र ठरणार नाही. पण या खोट्याची किंमत तिला मोजावी लागते. ज्याच्या कलमानं तिचं उत्पन्न खाली आलं, त्याच्या मेहेरबानीवर ती कायमची लटकते. उद्या तिनं आवाज चढवला तर कुणीही म्हणू शकतो, "मावशी, तुमच्या दाखल्याची चौकशी लावू का?" हाच तो फायदा.

अर्ज मंजूर करायला तालुक्याची एक समिती असते. अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांच्या मर्जीतला. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात, नव्या नावांवर एकमत होईपर्यंत जुने अर्ज फाइलमध्ये वाळत पडतात. समिती बसली की पहिलं काम मंजुरीपत्रांच्या वाटपाचा कार्यक्रम. मांडव, फ्लेक्स, फ्लेक्सवर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, रांगेत उन्हात बसवलेल्या म्हाताऱ्या. जे पत्र पोस्टमन आठवड्यात घरी आणून देईल, ते घ्यायला सत्तरीच्या बाईनं वडापनं यायचं आणि कुणाच्या तरी पाया पडून घरी जायचं. २०२३ साली तर 'शासन आपल्या दारी' निघालं होतं. त्या दारी येणाऱ्या शासनाला भेटायला लोकांना एसटी भरभरून मांडवात नेलं जात होतं. दार नेमकं कुणाचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

कायदा काय म्हणतो? लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. मुदतीत दाखला दिला नाही तर अपील करा, दुसरं अपील करा, आयोगाकडे जा; अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कागदावर झकास. पण मुदत सुरू होते अर्जाची पोच मिळाल्यापासून, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, "कागद ठेवून जा, बघतो." पोच नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे उशीर नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट घोकायला लावतो: पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. बाकी सगळं नंतर.

तर हे असं चालतं, कारण सरकारकडे माणसं नाहीत, यंत्रणा नाही, गावोगाव पोचणं अवघड आहे. हे मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि थोडंफार खरंही मानत होतो. मग आलं २०२४.

२८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आधी, बायकांच्या खात्यांत दोन महिन्यांचे ३,००० रुपये पडायला लागले. अंगणवाडी सेविकांना फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले आणि त्या मोबाइल घेऊन घरोघर फिरल्या. अधिवासाचा दाखला नाही? पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल. उत्पन्नाचा दाखला? पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर नकोच. मुदत संपली? वाढवू. पुन्हा संपली? पुन्हा वाढवू. दोन कोटींहून अधिक बायका काही महिन्यांत सापडल्या, बँकखात्यांसकट. २० नोव्हेंबरला मतदान होतं.

मी त्या योजनेच्या विरोधात नाही. बाईच्या हातात दीड हजार पडले तर मला आनंदच आहे. मला राग येतो तो या शोधाचा, की सरकारला घर सापडतं. तोच तलाठी, तीच अंगणवाडी, तोच सेतू, आणि सर्व्हरसुद्धा तोच. आणि गंमत बघा: ज्या विधवेला निराधार योजनेचे दीड हजार मिळत होते, ती लाडक्या बहिणीला अपात्र, कारण एका योजनेतून तेवढे पैसे आधीच मिळतात. म्हणजे घरात अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेली बाई एखाददुसऱ्या कागदावर दीड हजार घेते, आणि नवरा मेलेली बाई कागदांची कॅरीबॅग घेऊन हिंडल्यावर तेवढेच घेते. गरीब कोण, याचं या राज्याकडे एक उत्तर नाही. तहसीलमध्ये २१ हजारांच्या आतला गरीब, केशरी रेशनकार्डावर लाखापर्यंतचा, धर्मादाय इस्पितळात एक लाख ऐंशी हजारांपर्यंतचा आणि निवडणुकीच्या वर्षात अडीच लाखांपर्यंतचा.

इस्पितळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ट्रस्टच्या मोठ्या इस्पितळांना सवलती मिळतात. त्या बदल्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची, अशी मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना आहे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचं, अनामत मागायची नाही. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याला घेऊन मी शहरातल्या अशाच एका इस्पितळात गेलो होतो. अनामतीचा काउंटर दारातच, काचेचा, वातानुकूलित, तीन खिडक्यांचा. गरीब रुग्णांच्या योजनेची चौकशी केली तर कुणालाच काही माहीत नाही. रखवालदारानं हळूच सांगितलं, तळघरात, औषधाच्या गोडाउनशेजारी. तिथे एक समाजसेविका बसायची, बिचारी चांगली होती, सगळी मदत केली तिनं. तिच्या दारावरच्या पाटीत योजनेचं नावच नव्हतं, 'विभाग क्र.' आणि पुढे आकडा. धर्मादाय हा शब्द इस्पितळानं दर्शनी भागात लावायचा, असे आदेश आहेत. तो होता. गाड्या लावण्याच्या जागेच्या मागच्या भिंतीवर.

आणि आपण, वर्तमानपत्रं वाचणारे? आपण म्हणतो, "अहो, सगळं ऑनलाइन आहे, बघायचं ना." ज्या बाईचे अंगठे भांगलून भांगलून एवढे झिजलेत की रेशनच्या यंत्रावर उमटत नाहीत, तिला आपण पोर्टल दाखवतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, फुकट कायदेशीर मदतीसाठी १५१०० आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? रेशन दुकानाच्या भिंतीवर हे दोन नंबर ऑइलपेंटनं रंगवायला किती खर्च येतो? भिंत रिकामी नसते, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर कुणाचा तरी वाढदिवस असतो.

माझी मागणी फार मोठी नाही. माणूस मेला की ग्रामपंचायतीत नोंद होते. नोंद करणाऱ्या ग्रामसेवकाला माहीत असतं की मागे बायको आहे, तिचं वय काय, पोरं किती, रान किती. तलाठ्याकडे वारसनोंद असते, रेशन दुकानदाराकडे कार्ड, आशाताईकडे घरातल्या आजारांची खडानखडा माहिती. सरकार त्या बाईकडून जे दाखले मागतं, ते सगळे सरकारच्याच वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये पडलेले आहेत. तिला फक्त एका ड्रॉवरमधून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये कागद वाहून न्यायला जुंपलंय, बिनपगारी. मृत्यूचा दाखला हातात देतानाच ग्रामसेवकानं निराधारचा अर्ज भरून, तिची सही नाहीतर अंगठा घेऊन, पोच तिच्या हातात द्यावी. समितीचा अध्यक्ष, मांडव, फ्लेक्स यांची गरज उरत नाही. २१ हजारांची अट काढा आणि लाडक्या बहिणीला चालतं ते पिवळं-केशरी कार्ड विधवेलाही चालू द्या.

यावर उत्तर ठरलेलं आहे. अटी ढिल्या केल्या तर अपात्र लोक घुसतील, तिजोरीवर भार पडेल. घुसलेत की. लाडक्या बहिणीचे पैसे हजारो पुरुषांच्या खात्यात गेल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. त्यांच्याकडे कुणी २१ हजारांचा दाखला मागितला नव्हता.