फोन आला, लॅब कुठे आहे?

"गरीब माणूस कोर्स अर्धवट सोडतो, म्हणून जंतू अँटिबायोटिकला जुमानत नाहीत." हे व्याख्यान आम्ही फार ऐकले. व्याख्यात्यांना आमचा प्रश्न आहे : वस्तीतल्या बाईला लघवीचा संसर्ग होतो, तेव्हा कोणते औषध चालेल हे तपासून तिला कधी कोणी सांगितले? मोठ्या हॉस्पिटलात कल्चर रिपोर्ट येतो. आमच्या वाट्याला अंदाज. पहिली गोळी लागू पडली नाही की दुसरी, आणि त्यासाठी पुन्हा एक रोज बुडवायचा. मग गैरवापर कोणी केला?

दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत एनडीएम-1 हा जनुक सापडला, असा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. तो ज्या जंतूत असतो, त्याच्यावर राखून ठेवलेली भारी औषधेही बहुधा चालत नाहीत. अशा सांडपाण्यात हातमोज्यांशिवाय कोण उतरतो? त्याची जात वेगळी सांगायला हवी का?

आता फोनवरची तपासणी आली आहे. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या फाउंडेशनने 'अँटिबायोगो' हे मोफत ॲप बनवले. जंतू वाढवलेल्या ताटलीवर औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू न वाढलेले रिंगण दिसते. ॲप फोटोवरून ते रिंगण मोजते आणि अर्थ लावायला मदत करते, तेही इंटरनेटशिवाय. तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी ही मोठी गोष्ट आहे. आम्ही तिचे स्वागतच करतो. विज्ञानाला घाबरणारे आम्ही नव्हे.

पण फोन फक्त वाचतो. जंतू वाढवायला 35 अंशांचा इन्क्युबेटर लागतो, रात्रभर न जाणारी वीज लागते, चकत्यांसाठी फ्रीज लागतो आणि कायम पगारावरचा टेक्निशियन लागतो. उद्या साहेब लोक फोन हातात धरून फोटो काढतील, 'डिजिटल आरोग्य' म्हणतील, आणि मागे लॅबला कुलूप असेल. संविधानाच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे, ॲपचे नाही.

कार्यकर्त्यांनो, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात माहितीचा अधिकार लावा. टेक्निशियनची मंजूर पदे किती, भरलेली किती? गेल्या वर्षी कल्चर किती झाले? त्यात सफाई कामगारांचे नमुने किती? अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.