तेल कितलं शे?

खानदेशात कुठल्याही गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तेल कितलं शे?’ मग पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची आणि दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की झालं काम! मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे इकडच्या मेकॅनिकच्या हाताखालून ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं गेलेलं असतं. इंजिन ऑइलच्या बाबतीत त्याची पद्धत बरोबरच आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, तेल खाली उतरायला पाच-दहा मिनिटं, मग पट्टी. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हीच पद्धत लावली की घोटाळा होतो. आणि आता तर व्हिडिओ बघून घरच्या अंगणात तेल बदलणारेही बरेच झाले आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. सगळ्या ‘ऑटोमॅटिक’ गाड्या एकसारख्या नसतात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, फक्त क्लच आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. त्यात गिअर ऑइलच लागतं. खऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत एटीएफ लागतं, ते लाल तेल. हे तेल नुसतं वंगण नाही. तेच दाब देतं, तेच क्लच आवळतं, तेच कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद चाकांकडे पोचवतं. म्हणून त्याची पातळी जपावी लागते. तेल कमी पडलं तर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेस होतो. दोन्हीकडे तेलात हवा शिरते, दाब पडतो, क्लच घसरून जळतात. म्हणजे ‘थोडं जास्त असलं तर बरंच’ हा आपला घरगुती हिशेब इथे चालत नाही.

घरी तेल बदलताना पहिली गफलत इथेच होते. खालचा बोल्ट काढला तरी सगळं तेल बाहेर येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. मॅन्युअलमध्ये एकूण सात लिटर लिहिलंय म्हणून सात ओतले, की गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरला! निघालेलं तेल मोजून तेवढंच घालायचं आणि मग पातळी बघायची. तीही बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा फिरवून, ‘पी’मध्ये आणून. इंजिन बंद केलं की तेल खाली उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र गाडी गरम करून, इंजिन बंद करून, एक-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. आता सांगा, ‘तेल किती’ या प्रश्नाला एकच उत्तर कसं असेल?

त्यात आपलं हवामान! तेल एका अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. सात लिटर तेल १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं तर जवळजवळ ३४० मिलिलिटर वाढतं. म्हणून पट्टीवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात. नव्या बऱ्याच गाड्यांना तर पट्टीच नसते. इंजिन चालू ठेवून खालचा प्लग उघडायचा आणि ठरलेल्या तापमानाला तेलाची बारीक धार थेंबांवर आली की पातळी बरोबर. काही मॅन्युअलमध्ये हे तापमान ३५ ते ४५ अंश दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो. गाडी सुरू करून खाली सरकेपर्यंत तेल मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. मग फुगलेलं तेल जास्त वाहून जातं आणि गाडी थंड झाल्यावर कमी पडतं. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नये. एक तर गाडी तिरकी म्हणजे पातळी खोटी, आणि जीव काही सुट्या भागांत मिळत नाही.

माझा मुद्दा असा, की अट नसलेला आकडा निरर्थक असतो. गाडी सपाट होती का, इंजिन चालू होतं का, तेल किती गरम होतं, हे माहीत नसेल तर पट्टीवरची खूण काहीच सांगत नाही. आपली जर्नल्स काढून बघा. रीडिंग्ज दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि तापमानाचा रकाना कोरा! व्हायवाला कुणी विचारत नाही, म्हणून चालून जातं. गॅरेजमध्ये मात्र त्याची किंमत गाडीचा मालक मोजतो.

शिवाय या सगळ्या अटी लिहिलेल्या असतात इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मला त्या वाचायला अडचण येत नाही. पण आमच्यापेक्षा जास्त गिअरबॉक्स उघडलेल्या माणसाला त्या अडतात, हे मला पटत नाही. त्याला ‘अडाणी’ म्हणणं सोपं आहे. भिंतीवर लावता येईल असा एक मराठी तक्ता करून देणं जास्त उपयोगी. कुठल्या गाडीला कुठलं तेल, पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, किती तापमानाला, बस्स. सरांनी मॅन्युअलशी ताडून द्यावा, आपण लिहावा आणि एनएसएसच्या कॅम्पमध्ये वाटावा. एका सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टएवढंही काम नाही.

आणि तो तक्ता घेऊन जाल तेव्हा ज्ञान पाजळायला जाऊ नका. तेलाचा वास घेऊन क्लच जळलाय हे कसं ओळखायचं, ते त्याच माणसाकडून शिकून या. ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही.

— टी. ई. मेकॅनिकल