कचेरींतील पेटी आणि आडाचें पाणी

गेल्या अंकांत आम्हीं जुन्या दप्तराला कसर लागूं नये म्हणून काय करावें तें सांगितलें होतें. त्यावर एका वाचकभगिनींनीं लिहिलें आहे कीं, दप्तर आतां राहिलेंच कोठें. सगळें त्या कोपऱ्यांतल्या लुकलुकणाऱ्या पेटींतून जातें येतें, तेव्हां तिची निगा कशी राखावी तें सांगा. प्रश्न रास्त आहे. उत्तर देणारा मात्र अधिकारी नाहीं. आम्हीं जन्म घालविला तो शब्दरूपें घोकून घेण्यांत. तथापि हा विषय आमच्या पुतण्याच्या कचेरीनें आम्हांस शिकविला, आणि त्या शिक्षणाची फी एका निरपराध माणसास भरावी लागली, म्हणून तो सांगणें प्राप्त आहे.

सांगलीस गांवभागांत आमच्या वडील बंधूंचा वाडा आहे. त्याच्या सोप्यालगतच्या दोन खोल्यांत पुतण्या व्यापाऱ्यांच्या करांचें काम पाहतो. २००७ सालीं त्यानें टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट घेतलें. चार संगणक, दोन कारकून, आणि भिंतींतल्या कोनाड्यांत ती पेटी. तिला कोणी मोडेम म्हणे, कोणी राउटर. वस्तुतः एकाच पेटींत दोन्ही कामें होतीं. तारेवरून येणारी खूण उलगडून घेणें हें मोडेमचें काम, आणि आलेलें ज्याचें त्याला पोंचविणें हें राउटरचें. सूनबाईंनीं तिच्यावर क्रोशानें विणलेला रुमाल घातला होता. तो पुढें आम्हींच काढविला, कारण ती सदा तापलेली असते आणि वारा न मिळाला तर तिचें आयुष्य घटतें.

ही सेवा आपल्याकडे आली कशी हें थोडक्यांत सांगतों. २००४ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें ब्रॉडबँडचें धोरण जाहीर केलें. त्यांत सेकंदाला किमान २५६ किलोबिट हा वेग ठरविला होता. २००५ च्या जानेवारींत भारत संचार निगमानें ती सेवा सुरू केली. तीसाठीं नवी तार ओढावी लागली नाहीं, हें तिचें मर्म. बोलणें टेलिफोनच्या तारेंत सेकंदाला सुमारें ४,००० कंपनांच्या आंत भागतें. त्यावरची सारी जागा रिकामीच होती. सुमारें २५,००० कंपनांपासून ११ लाखांपर्यंतच्या त्या जागेंतून (पुढच्या सुधारलेल्या पद्धतींत २२ लाखांपर्यंत) माहिती धाडावयाची, ही डीएसएलची युक्ति. अमेरिकेंतील बेलकोर संस्थेंतल्या जोसेफ लेचलायडर यांनीं असें दाखवून दिलें कीं, येण्याची वाट रुंद आणि जाण्याची अरुंद ठेविली तर एकंदरींत वेग पुष्कळ वाढतो. घरीं बसून पाहणाऱ्यास हें सोयीचें. पण करविवरणें पाठविणाऱ्या कचेरीला धाडावयाचेंच फार, म्हणून पुतण्या नेहमीं म्हणे, "काका, येतें धांवत आणि जातें रांगत."

एकाच तारेंतून बोलणें आणि माहिती दोन्ही येत असल्यामुळें त्यांना वेगळें करणारी एक लहानशी डबी लागते. तिला स्प्लिटर म्हणतात. आम्ही तिला नीरक्षीरविवेकी म्हणतों. ती बिघडली, किंवा तिच्या आधींच कोणी तारेला फांटा फोडला, कीं घोटाळा होतो. २००८ च्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही सांगलीस गेलों, तेव्हां टेलिफोन वाजला कीं इंटरनेट बंद पडे. पेटी दोनदां बदलून झाली होती. टेलिफोनच्या कामांत मुरलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास विचारलें, तर तो म्हणाला, "सर, पेटीला हात लावूं नका. तार घरांत शिरते तेथपासून चालत या." चालत आलों, तों जिन्याखालीं तीन तारा हातानें पिळून जोडलेल्या! एक कचेरीकडे, एक माजघरांतील टेलिफोनकडे, आणि एक माडीवर, जेथें टेलिफोन दहा वर्षांपासून नव्हताच. स्प्लिटर होता कचेरींत, सांध्याच्या पलीकडे. माजघरांतला टेलिफोन सरळ तारेवर. स्प्लिटर उचलून तार शिरते त्या जागीं बसविला, माडीचा फांटा कापला आणि कचेरीपर्यंत एकच अखंड तार नेली. पेटीच्या आंतल्या पानावर (बहुतेक पेट्यांत १९२.१६८.१.१ या पत्त्यावर तें उघडतें) गोंगाटाच्या वर खूण किती उरते याचा आंकडा डेसिबलमध्यें असतो. तो पांचाचा चौदा झाला. सहाच्या खालीं असला तर तार आजारी समजावी आणि दहाच्या वर असला तर पेटीला दोष देऊं नये, इतकें लक्षांत ठेविलें तरी पुष्कळ काम भागतें.

इतकें झाल्यावर आम्ही मोठ्या अभिमानानें साताऱ्यास परतलों. खरी गोष्ट पुढेंच आहे.

त्या काळीं महिन्याचें माप ठरलेलें असे आणि त्यापुढें प्रत्येक मेगाबाइटला निराळा आकार पडे. जूनचें बिल नेहमींच्या दुप्पट आलें, जुलैचें तिप्पट. पुतण्यानें विचार केला कीं, दोन कारकुनांपैकीं धाकटा संध्याकाळीं उशिरापर्यंत बसतो. हाच कांहीं गाणीं-चित्रपट उतरवून घेत असला पाहिजे. त्याला चार माणसांदेखत विचारलें. तो म्हणाला, "साहेब, मी विवरणें तपासत बसतों." दुसऱ्यांदा विचारलें, तेव्हां त्यानें उत्तरच दिलें नाहीं. ऑगस्टचें बिल आलें तेव्हां, पुढल्या महिन्यापासून दुसरीकडे पाहा, असें पुतण्यानें त्यास सांगून टाकलें. दुपारीं चार वाजतां माजघरांतून कचेरींत चहा जाण्याची त्या घरची रीत आहे. धाकट्याचा कप भरलेला परत येऊं लागला. हें प्रथम सूनबाईंच्या लक्षांत आलें, पुतण्याच्या नव्हे.

गणपतीसाठीं आम्ही गेलों, ते रात्रीं सोप्यावरच निजलों. एकच्या सुमारास जाग आली. कचेरीचें दार उघडें होतें, संगणक चारी बंद, आणि कोनाड्यांतील पेटीचा एक दिवा घाईघाईनें लुकलुकत होता. धाकटा कारकून त्या वेळीं मिरजेस आपल्या घरीं निजला असणार. मग ही पेटी कोणाशीं बोलत होती?

सकाळीं पुतण्याकडून आंतलें पान उघडविलें. येथें वाचकांस एक गोष्ट सांगावयास हवी. प्रत्येक संगणकास पेटी एक क्रमांक देते. पंगतींत एकजण पाट मांडीत जातो आणि येणाऱ्यास "आपण येथें बसा" म्हणतो, तसें हें काम. याला डीएचसीपी म्हणतात. (पाट मांडणारा एकच असावा. पुतण्यानें पुढें वरच्या मजल्यासाठीं दुसरा राउटर आणला, तेव्हां दोघेही पाट मांडूं लागले, आणि ज्याला दुसऱ्यानें बसविलें त्याच्या पानांत कांहीं पडेना. दुसऱ्याचें हें काम बंद केल्यावर पंगत सुरळीत झाली.) कोणत्या पाटावर कोण बसलें आहे त्याची यादी पेटीजवळ असते. घरचे चार, यादींत नांवें सात. बिनतारी जोडणी, म्हणजे वाय-फाय, बसवून देणाऱ्या गृहस्थानें उघडी ठेविली होती. सोयीसाठीं, असें तो म्हणाला होता म्हणे. पाठीमागच्या वाड्यांत खोल्या घेऊन राहणारीं शिकणारीं मुलें रात्रभर तीवर बसत होतीं. त्यांच्या मनांत पाप नव्हतें; बोलावल्याबरोबर तीं आलीं आणि कबूल झालीं.

पुतण्यानें सकाळच्या आरतीनंतर प्रसादाचा डबा घेतला आणि स्कूटरवरून मिरजेस गेला. तेथें काय बोलणें झालें तें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं. धाकटा कामावर राहिला. चहा मात्र दिवाळीपर्यंत घेईना.

आतां कुलूप घालावें कीं नाहीं यावर घरांत वाद झाला. आमचे वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ऐकेनात. वाड्यांत आड आहे. १९७२ च्या दुष्काळांत त्या आडावर सारी आळी पाणी भरी, आणि आमच्या वडिलांनीं रहाट कोणास नाकारला नव्हता. "विद्यार्थ्यांना आडाला कुलूप घालूं काय?" असें ते म्हणाले. आम्हीं जुलैमधील प्रकार त्यांच्या कानावर घातला. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत स्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें आलेला धमकीचा संदेश नवी मुंबईंतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता आणि चौकशी आली होती ती त्या घरीं राहणाऱ्यावर. दादा म्हणाले, "तो परका मनुष्य, मोठें शहर. येथें कोण येतो?"

आम्ही साताऱ्यास आलों. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीं, १३ सप्टेंबरला, दिल्लींत स्फोट झाले, आणि त्या वेळचा संदेश चेंबूर येथील एका लहानशा कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचें वर्तमानपत्रांत आलें. तसलीच कचेरी, तसलीच पेटी. दादांचा फोन आला. "जोडणी माझ्या नांवावर आहे ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्हीं होय म्हटलें. कांहीं वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "मग कुलूप घाला. पण त्या मुलांचें काय तें मला सांगा."

कुलपासंबंधीं जें आम्हांस कळलें तें असें. डब्ल्यूईपी नांवाचें जुनें कुलूप २००१ सालींच विद्वानांनीं फोडून दाखविलें. तें असून नसून सारखें. निदान डब्ल्यूपीए-२ हवें. दुसरें कुलूप पेटीच्या आंतल्या पानाचें. तें बहुतेक विसरतात. कारखान्यांतून पेटी येते तेव्हां तिचें नांव आणि परवलीचा शब्द दोन्ही 'अ‍ॅडमिन' असे असत, व तें जगजाहीर. २०१७ च्या जुलैंत ज्यांनीं हा शब्द बदलला नव्हता अशा भारत संचार निगमाच्या ग्राहकांचीं हजारों मोडेमें एका विघातक प्रोग्रॅमनें निकामी केलीं, आणि शब्द बदला असें निगमाला लोकांस विनवावें लागलें. आमच्या घरीं तो २००८ सालींच बदलला होता, त्यामुळें त्या वर्षीं आम्हांस कांहीं झालें नाहीं. यांत शहाणपण आमचें नव्हे, त्या तिप्पट बिलाचें.

मुलांची सोय दादांनींच केली. कचेरींतला जुना संगणक ओसरीवर मांडला आणि संध्याकाळीं सहा ते आठ स्वतः शेजारीं आरामखुर्चींत बसूं लागले. पुढें नवा राउटर घेतला, त्यांत पाहुण्यांसाठीं निराळी वाय-फाय देण्याची सोय होती. तीवरून इंटरनेट मिळतें, पण कचेरीच्या संगणकांकडे वाट नाहीं. ज्यांच्याकडे परक्यांचीं आर्थिक कागदपत्रें असतात त्यांनीं ही सोय अवश्य वापरावी. मुलांनीं त्या वाय-फायचें नांव 'आड' ठेविलें. दादा वहींत प्रत्येकाचें नांव लिहून मगच शब्द सांगत.

ही वही फार उपयोगी पडली. तींत ग्राहकनाम, पीपीपीओई कीं आणखी कोणती पद्धत, तारेचे ते दोन आंकडे (भारत संचार निगमाच्या जोडणींत बहुधा ० आणि ३५), आणि केव्हां काय बदललें त्याची तारीख अशी नोंद असावी. पेटीच्या पाठीस टांचणीनें दाबावयाचें एक बारीक छिद्र असतें. तें दाबून धरलें कीं सर्व नेमणुका पुसून जातात. इंटरनेट बंद पडलें म्हणून आम्हीं तें एकदां दाबलें आहे. त्या दिवशीं वही नसती तर पुतण्यापुढें उभें राहण्याची सोय नव्हती. पेटी वारंवार आपोआप बंद-चालू होऊं लागली तर आधीं तिचा अ‍ॅडॅप्टर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो आणि बहुधा तोच थकलेला असतो.

वळवाच्या दिवसांत मेघगर्जना सुरू होतांच विजेची तार आणि टेलिफोनची तार दोन्ही काढाव्यात. लोक विजेची काढतात आणि टेलिफोनची विसरतात. आमची एक पेटी याच विसरण्यानें गेली.

पुराला मात्र उपाय नाहीं. आमच्या जिल्ह्यांत कोयनेचे दरवाजे उचलले कीं आम्ही सांगलीस फोन करतों, ही जुनी संवय. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. पुतण्या त्या वेळीं पुण्यास अडकला होता. मिरजेचा तो कारकून, आतां कचेरीचा मुख्य, पाणी गल्लींत शिरण्याच्या आदल्या संध्याकाळीं आला आणि त्यानें संगणक, पेटी आणि वही सगळें माडीवर नेलें. सूनबाई म्हणतात, त्या रात्रीं त्यानें तीन वेळां चहा मागून घेतला.

पेटी कोरडी राहिली, पण तार गेली. जमिनींतल्या सांध्यांत पाणी शिरलें कीं तांब्याच्या तोंडावर हिरवट थर चढतो आणि ओल सुकली तरी खूण क्षीणच राहते. तो आंकडा चौदाचा चार झाला. मग तांब्याची तार सोडून कांचेची, म्हणजे फायबरची, जोडणी घेतली. कांचेंतून वीज वाहत नाहीं, तेव्हां तारेवाटे पेटी जळण्याचें भय गेलें, स्प्लिटरही गेला. जेथें अद्याप तांबेंच आहे तेथें वर सांगितलेलें सर्व लागू आहे, आणि जेथें तें नाहीं तेथें कुलूप, पंगत आणि वही एवढें तरी उरतेंच.

दादा २०२१ सालीं गेले. जोडणी पुतण्याच्या नांवावर करून घेतली. ज्यांच्या घरीं ती दिवंगत माणसाच्या नांवावर राहिली असेल त्यांनीं हें काम लांबवूं नये. 'आड' मात्र अजून त्याच नांवानें दिसतें. त्याचा शब्द आतां मिरजेचा तो कारकून दर पाडव्यास बदलतो आणि दादांच्या वहींत त्यांच्या यादीखालीं नवीं नांवें लिहितो.