राखणीच्या कुत्र्याच्या तोंडाची दुर्गंधी

वऱ्हाडातील शेतकरी बैल विकत घेताना त्याचे तोंड उघडून पाहिल्याशिवाय सौदा पुरा करीत नाही. जनावर दोन दाती आहे की चार दाती, सहा दाती आहे की जुळलेले, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली, की लाळ्या-खुरकुताच्या शंकेने तो लगबगीने पशुवैद्यकीय दवाखाना गाठतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या शेतावर जो कुत्रा रात्रभर जागल करतो, त्याच्या तोंडात दात किती व ते कोणत्या स्थितीत आहेत, हे त्यास क्वचितच ठाऊक असते. कुत्रा जवळ आला की घाण वास येतो, एवढेच ध्यानात येते. आणि कुत्र्याचे तोंड असेच असावयाचे, असे म्हणून त्यास दूर हाकलण्यात येते.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती सोडून देणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडास किंचित वास असतो हे खरे. परंतु कुजका, न सोसणारा वास हा कुत्र्याचा स्वभाव नसून बहुधा रोगाचे लक्षण होय. वासावर औषध शोधण्यापेक्षा वासाचे कारण शोधणे, हाच त्यावरील खरा उपाय आहे.

मोर्शी-वरुडच्या संत्राबागा असोत, अकोट-तेल्हाऱ्याकडील सातपुड्याच्या पायथ्याची शेते असोत, की दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यातील हरभऱ्याची राने असोत. रानडुकरे व रोही यांचा उपद्रव सर्वत्र आहे. अशा वेळी भुंकून धन्यास जागे करणारा कुत्रा हा शेतीच्या साधनांपैकीच एक आहे. दात दुखणारा कुत्रा नीट खात नाही, अशक्त होतो व राखणीस निरुपयोगी ठरतो. एवढे मोल ज्याचे आहे, त्याच्या तोंडाकडे पाहण्यास कोणास वेळ नसावा, हे योग्य नव्हे.

तोंडात हात घालण्यापूर्वी

कारणांचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांनी पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, नेहमीच चवताळलेल्या रूपाने प्रकट होतो असे नाही. त्याच्या दुसऱ्या प्रकारात कुत्रा मलूल होतो, कोपऱ्यात बसतो, त्याचा खालचा जबडा लोंबू लागतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो व त्यास गिळता येत नाही. पाहणाऱ्यास साहजिकच वाटते की, याच्या घशात हाड अडकले आहे. आणि घरातील एखादा दयाळू मनुष्य ते काढण्यासाठी तोंडात हात घालतो. रेबीजचे विषाणू लाळेत असतात. चावा न घेताही बोटावरील लहानशा जखमेतून ते शरीरात शिरू शकतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य असते.

यास्तव लाळ गळणाऱ्या, जबडा लोंबणाऱ्या किंवा एकाएकी वागणूक बदललेल्या कुत्र्याच्या तोंडास कोणीही हात लावू नये. मुलांना व इतर जनावरांना त्यापासून दूर ठेवावे आणि पशुवैद्यास बोलवावे. लाळेचा संपर्क जखमेशी आलाच, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही जखमेवर भरू नये. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील, या भीतीने अद्यापही काही लोक दवाखाना टाळतात. ही भीती निराधार आहे. त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आताची लस दंडात देतात. तिच्या मात्रा थोड्या असून त्या ठरलेल्या दिवशी सर्व पुऱ्या करणे अगत्याचे असते. जखमेच्या स्वरूपानुसार जखमेतही औषध टोचावे लागते. ते डॉक्टर ठरवितात.

दुर्गंधीची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे दात व हिरड्या यांचा रोग होय. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास ४२ दात असतात. खाल्लेल्या अन्नाचे कण व जंतू यांचा मऊ थर दातांवर बसतो. तो निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होऊन त्याचे पिवळे-तपकिरी किटण बनते. वरच्या जबड्यातील मागील दातांच्या बाहेरील बाजूस ते अधिक साठते. किटणाखाली हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते, दात व हिरडी यांच्यामध्ये पोकळी पडते आणि तेथे जंतू वाढून गंधकयुक्त वायू निर्माण होतात. दुर्गंधी येते ती याच वायूंची. तीन वर्षांपुढील बहुसंख्य कुत्र्यांत हा विकार कमी-अधिक प्रमाणात असतोच. ताकात किंवा दुधात कालवलेली मऊ भाकरी हेच ज्याचे नित्याचे अन्न आहे, त्याच्या दातांस घर्षण मिळत नाही व थर लवकर साठतो.

दुसरे कारण तोंडात अडकलेला पदार्थ. हाडाचा तुकडा वरच्या दातांच्या दोन ओळींमध्ये टाळूवर आडवा बसतो. दिवाळीच्या सुमारास वाळलेल्या गवताची कुसळे हिरडीत व जिभेखाली रुततात. जंगलालगतच्या गावांत साळिंदराचे काटे तोंडात मोडून राहतात. अशा जखमा सडतात व त्यांत अळ्याही पडतात. कुत्रा पंजाने तोंड खाजवू लागला किंवा एकाच बाजूने चावू लागला, म्हणजे या कारणाची शंका घ्यावी. डोळ्याखाली गाठ येऊन ती वारंवार फुटत असेल, तर ती बहुधा कातडीची जखम नसून वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू असतो. त्यावर नुसता मलम लावण्याचा उपयोग होत नाही.

काही वेळा दोष तोंडात नसून शरीरात असतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की तोंडास लघवीसारखा उग्र वास येतो, तोंडात व्रण पडतात व कुत्रा फार पाणी पितो. मधुमेहात वास गोडसर असतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडात गाठ वाढून ती सडते. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग मूत्रपिंडे व यकृत बिघडवितो. तो माणसासही होतो, म्हणून अशा कुत्र्याचे मूत्र हातास लागू देऊ नये. मेलेले जनावर किंवा विष्ठा खाल्ल्याने येणारा वास मात्र तात्पुरता असतो. मृत जनावरे उघड्यावर न टाकता खोल पुरणे हा त्यावर गावाने करावयाचा उपाय आहे.

एकाएकी लसणीसारखा वास, ओकाऱ्या व थरथर ही लक्षणे एकत्र दिसल्यास उंदीर मारण्याचे झिंक फॉस्फाइड किंवा एखादे कीटकनाशक पोटात गेल्याचा संशय घ्यावा व क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्य गाठावा. झिंक फॉस्फाइडमुळे पोटात तयार होणारा वायू माणसासही घातक असतो. म्हणून कुत्रा मोकळ्या हवेत ठेवावा.

उपचार

कारण निश्चित झाल्यावरच उपचार ठरतो. किटण काढण्याचे काम पशुवैद्य कुत्र्यास भूल देऊन करतो, कारण रोगाचे मूळ हिरडीच्या खाली असते. हलणारे व सडलेले दात उपटल्यावर दुर्गंधी जाते आणि कुत्रा पुन्हा खाऊ लागतो. घरी चाकूने किंवा खिळ्याने किटण खरवडण्याने हिरडी फाटते व रोग आत जातो. तंबाखूची राख, रॉकेल, चुना हे उपाय क्रूर तर आहेतच, शिवाय निरुपयोगीही आहेत. माणसाचे दंतमंजन व टूथपेस्ट कुत्रा गिळतो; त्यांतील काही पदार्थ त्यास विषारी असतात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निदान न झाल्यास अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत कुत्रा दाखवावा.

प्रतिबंध

पिल्लू असतानाच त्यास ओठ उचलून दात पाहू देण्याची सवय लावावी. लस टोचलेल्या व नेहमीप्रमाणे वागणाऱ्या स्वतःच्या कुत्र्याचे तोंड मिटलेले ठेवून बाजूचा ओठ वर करावा, म्हणजे मागील दात दिसतात. जबडा उघडावा लागत नाही. ओलसर मऊ फडके बोटास गुंडाळून दातांची बाहेरील बाजू रोज पुसल्यास थर कठीण होण्यापूर्वीच निघतो. शिजविलेली हाडे देऊ नयेत. त्यांचे टोकदार तुकडे तोंडात व आतड्यात रुततात. कांदा-लसूण घातलेले उष्टे अन्न कुत्र्याच्या रक्तास अपायकारक असते. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्यास घरात जे पाणी प्यावयास वापरतात, तेच कुत्र्यासही ठेवावे.

आणि या सर्वांआधी रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित मात्रा देण्यात यावी. लस न टोचलेल्या कुत्र्याच्या तोंडाची निगा राखणे हे धोक्याचे काम आहे.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

ज्या शेतकऱ्यास स्वतःचा दुखरा दात दाखविण्यास सवड व पैसा नाही, त्याने कुत्र्याच्या दाताची चिंता कोठून करावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैरवाजवी नाही. परंतु ओठ उचलून पाहण्यास व फडक्याने दात पुसण्यास पैसा लागत नाही. पैसा लागतो तो दुर्लक्ष केल्यानंतर. शिवाय हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही. अंगणात त्याच्याशी खेळणाऱ्या मुलांचा व त्याच्या तोंडात हात घालणाऱ्या घरधन्याचाही आहे.

पशुगणनेत कुत्र्यांचीही नोंद होते. तथापि नोंद होणे म्हणजे निगा राखली जाणे नव्हे. गाई-बैलांच्या लसीकरणासाठी गावात पथक येते, त्या दिवशी राखणीचे कुत्रेही साखळीस बांधून आणण्यास ग्रामकार्यकर्त्यांनी सांगावे व त्यांच्या लसीची सोय पशुवैद्यांकडून आगाऊ ठरवून घ्यावी. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. खरीप पिकांची राखण भरात असतानाच तो येतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर लसीकरण व त्याबरोबरच पशुवैद्याच्या देखरेखीखाली दातांची तपासणी ठेवल्यास एका खेपेत दोन कामे होतील.

बैलाचे दात पाहणारी शेतकऱ्याची नजर तयारच आहे. तीच नजर राखणीच्या कुत्र्याकडे, आणि तीही सावधगिरीने, वळविण्याचे काम ग्रामकार्यकर्त्यांनी या हंगामातच हाती घ्यावे.