वास कधी येतो?

मागच्या अंकातला घरच्या वायफायवरचा लेख वाचून एका मावशींचा फोन आला. "ते वायफायचं ठीक आहे रे, पण आमच्या गाडीचा एसी लावला की ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. त्यावर लिही की." मला हसू आलं, कारण गेला अख्खा पावसाळा मी याच वासाशी भांडत होतो, आणि त्यात माझी चांगलीच शोभा झाली होती.

आमची गाडी सात वर्षांची, पेट्रोल आणि सीएनजीवर चालणारी. मांजलपूरला आमच्या सोसायटीत ती कडुनिंबाखाली उभी असते. सावली मिळते म्हणून ती जागा मी भांडून मिळवली आहे. जुलैत वास सुरू झाला. सकाळी एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओल्या मोज्यांचा वास यायचा, मग कमी व्हायचा. मी बाजारातून एसीच्या जाळीला अडकवायचं परफ्यूम आणलं. वास गेला नाहीच, उलट मोज्यांवर कुणी मोगऱ्याचा गजरा ठेवावा तसं काहीतरी झालं.

बाबांना दमा आहे. ते गाडीत खोकायला लागले, मी म्हटलं पावसाळा आहे. एकदा ते म्हणाले, "पाय ओले होतात रे इथे." मी म्हटलं, तुमची छत्री गळते. मग दांडिया बाजारात मंडळाच्या कार्यक्रमाला ते रिक्षाने जायला लागले. "रिक्षात हवा छान लागते," म्हणायचे. वयानुसार माणसं हट्टी होतात असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटी एके रात्री बायको म्हणाली, "बाबा महिनाभर आपल्या गाडीत बसलेले नाहीत. तुझ्या लक्षात तरी आलंय का?"

आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांसमोर जाऊन बसलो. त्यांची नोकरी केमिकल प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेलेली. ते म्हणाले, "कसला वास येतो ते मला सांगू नकोस. प्रत्येकाचं नाक वेगळं. कधी येतो ते लिहून काढ. सुरू करताना की चालताना? एसीने की नुसत्या पंख्याने? बाहेरची हवा आत घेताना की बंद ठेवून?" मी रोज ऑफिसात ग्राहकांना हेच विचारतो. 'सॉफ्टवेअर चालत नाही' एवढंच लिहून पाठवणाऱ्यांवर वैतागतो. आणि स्वतःच्या गाडीला मात्र मोगरा लावून मोकळा झालो होतो.

आठ दिवस नोंदी केल्या. वास फक्त एसी लावल्यावर, तोही सुरुवातीला. बाहेरच्या हवेचं बटण कसंही ठेवलं तरी फरक नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची नोंद बाबांनी करायला लावली: गाडीखाली पाणी पडतं का? पडत नव्हतं.

एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. दमट हवा तिच्यावरून गेली की थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून येतं तसं तिला पाणी सुटतं, आणि ते एका नळीतून गाडीखाली टपकतं. पावसाळ्यात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं तर ते चांगलं लक्षण. ते दिसत नसेल तर पाणी आतच कुठेतरी साचतंय. ओल, अंधार आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरते, आणि पंखा लावला की तीच हवा आपल्या तोंडावर येते. मी पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट हाताने दाबलं. बोटांमधून पाणी वर आलं. बाबांची जागा. छत्री बिचारी ठणठणीत होती.

एका गॅरेजमध्ये सांगितलं की पूर्ण डॅशबोर्ड उतरवून कॉइल काढावी लागेल, आठ हजार. कधीकधी ते खरंच लागतं, पण ती शेवटची पायरी. मी आधी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने ग्लव्ह बॉक्स उतरवून मागचा केबिन फिल्टर ओढून काढला आणि म्हणाला, "साहेब, आमां तो आखुं झाड छे!" कडुनिंबाची पानं, काड्या, काळी धूळ. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथूनच बाहेरची हवा आत जाते, आणि माझी लाडकी सावली वर्षभर तिथे पानं गाळत होती. नळी खालून मोकळी केली तेव्हा लोटाभर गढूळ पाणी पडलं. मग कॉइलवर मारायचा फोम, नवा फिल्टर, आणि कार्पेट उचलून दोन दिवस उन्हात. दीड हजारात काम झालं. (तुमच्या गाडीत फिल्टर आहे का तेही बघा. काही जुन्या, साध्या मॉडेल्समध्ये नुसती जागा ठेवलेली असते, फिल्टर नसतोच.)

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करायचं, पंखा चालू ठेवायचा. कॉइल कोरडी होते.

पण मावशी, तुमचा वास दुसरा असेल तर हे सगळं करत बसू नका. म्हणूनच 'कधी' विचारायचं. उन्हात उभी राहिल्यावर वास वाढत असेल आणि एसी असो-नसो सतत येत असेल, तर बहुतेक उंदीर मेलाय. फिल्टरपासून शोधायला लागा. गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर कूलंट गळतंय. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या हीटरच्या कॉइलमधून फिरतच असतं. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे गळालेलं थेंबभरसुद्धा लहान मुलं आणि कुत्री यांच्या वाटेत राहू देऊ नये. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर धुराचा वास येतो आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं की थांबतो, असं असेल तर आधी पुढच्या ट्रककडे बघा. मोकळ्या रस्त्यावरही येत असेल तर तो आपल्याच सायलेन्सरच्या पाइपचा असू शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. डोकं जड व्हायला लागलं तर काचा खाली करा, गाडी थांबवा, बाहेर या. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं तर कधीच नको.

आणि वडोदऱ्यात निम्म्या ओळखीच्यांकडे सीएनजी आहे म्हणून हे सांगायलाच हवं. सडक्या अंड्यासारखा वास आला की लोक म्हणतात बॅटरी किंवा सायलेन्सर, आणि कधीकधी तसं असतंही. पण सीएनजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात असाच घाणेरडा वास मुद्दाम मिसळलेला असतो. बोनेटखाली जोडणी ढिली असेल तर तो वायपरखालच्या जाळीतून थेट एसीच्या हवेत येतो. अशा वेळी निदान करत बसायचं नाही. गाडी बंद, दारं उघडी, सगळे उतरून लांब, आणि फोनही लांब गेल्यावरच. 'गॅरेज जवळच आहे, नेतो हळूहळू' हे तर मुळीच नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते. घरी जाऊन प्लेटवरची तारीख बघा. आमची दोन महिने उलटून गेली होती, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. आता वाचतीलच.

गणपतीत मंडळात जायचं होतं. मी गाडी खाली काढून एसी लावला आणि थांबलो. बाबा आले, पण दार उघडलं नाही. आधी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि गाडीखाली बघितलं.

"पडतंय," म्हणाले, आणि पुढे येऊन बसले.